छोटी हॅचबॅक : मालकी आणि निगा

छोटी हॅचबॅक म्हणजे मागचा दरवाजा काचेसकट वर उघडणारी, माणसांची आणि सामानाची जागा एकाच कप्प्यात सामावणारी, लांबीने चार मीटरच्या आत राहणारी मोटार. सेडानमध्ये डिकी वेगळी असते. हॅचबॅकमध्ये मागची सीट आडवी केली की डिकी वाढत पुढच्या सीटपर्यंत पोहोचते. म्हणूनच आठवडाभर दोघांना कामावर नेणारी गाडी मे महिन्यात गावाहून आंब्याच्या पेट्या आणते आणि घर बदलताना गाद्याही वाहते. भारतातल्या असंख्य कुटुंबांची ही पहिली आणि बहुधा एकमेव चारचाकी असते. तिच्या निगेचा विचार या वापराच्या संदर्भातच करावा लागतो. कंपनीच्या पुस्तिकेत गाडीचे वय आधी किलोमीटरमध्ये मोजलेले असते. घरची छोटी गाडी मात्र धावण्यापेक्षा उभी राहण्याने, तुटक वापराने आणि ऋतूंच्या माऱ्याने जास्त झिजते.

या गाडीची मांडणी युरोपात घडली. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या मिनी मोटारीत अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा गेला आणि इवल्याशा गाडीत चार माणसे नीट बसू लागली. इटलीत दान्ते जाकोसा यांनी १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुलामध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला जोडला, आणि आजच्या बहुतेक छोट्या गाड्या हीच मांडणी वापरतात. निगेवर तिचा थेट परिणाम होतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाके फिरवणारे दोन आखूड ड्राइव्ह शाफ्ट एवढ्याशा जागेत दाटीने बसलेले असल्याने क्लच प्लेट बदलायची तरी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि सुट्या भागांइतकाच खर्च मजुरीवर होतो. शाफ्टच्या सांध्यांवर रबरी बूट असतात. ते फाटले की आतले ग्रीस उडून जाते, धूळ शिरते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टक्‌टक्‌ आवाज येऊ लागतो. बूट वेळेवर बदलला तर काम स्वस्तात होते. आवाज येईपर्यंत थांबले तर अख्खा सांधा जातो. छोट्या गाडीच्या बऱ्याच दुखण्यांचे गणित असेच असते.

भारतात १९८३ पर्यंत मोटार म्हणजे मुख्यतः कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी अ‍ॅम्बॅसडर आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, जी पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिळालेली गाडी सांभाळायला घराजवळ भरवशाचा फिटर असणे जवळपास सक्तीचे होते. कार्बोरेटर साफ करणे, पॉइंट घासणे, रेडिएटरमध्ये पाणी घालणे ही रविवारची ठरलेली कामे होती. मारुती उद्योगाची स्थापना १९८१ मध्ये झाली, जपानच्या सुझुकीशी करार १९८२ मध्ये झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन आणि साधारण पन्नास हजार रुपये किंमत असलेली ही गाडी रोज सकाळी पहिल्या किल्लीत सुरू होत असे. मोटार ही चालकासह बाळगायची वस्तू न राहता घरातल्या कोणीही चालवावी अशी झाली, ती इथून. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. अनेक गावांत ती आजही सुस्थितीत फिरते, आणि त्याचे श्रेय तिच्या साधेपणाइतकेच तिला जपणाऱ्यांनाही आहे.

१९९८ मध्ये सँट्रो आणि मॅटिझ आल्या, पिंपरीच्या कारखान्यातून टाटा इंडिका आली, आणि ग्राहकाला प्रथमच निवड करता आली. त्यानंतर वॅगन आर, ऑल्टो, स्विफ्ट अशी रांग लागली. चाकणला पोलो आणि रांजणगावला पुंटो बनू लागल्याने पुणे परिसर हॅचबॅकचे मोठे केंद्र झाला. नॅनो २००८ मध्ये सादर झाली आणि दहा वर्षांत थांबली. चार मीटरची मर्यादा मात्र अभियंत्यांपेक्षा अर्थसंकल्पाने ठरवली. २००६ मध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलवर १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क कमी झाले. वस्तू व सेवा कराच्या काळातही हीच व्याख्या टिकली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरचा कर १८ टक्के झाला.

इंजिनातला मोठा बदल प्रदूषणाच्या नियमांमुळे झाला. दोन हजार सालाच्या आगेमागे कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आले. चोक ओढणे संपले, तसे कानाने इंजिन ट्यून करणारे मेस्त्रीही मागे पडले आणि त्यांच्या जागी स्कॅनर आला. या नव्या व्यवस्थेची एक गरज पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते. काटा कायम लाल खुणेजवळ ठेवून गाडी चालवली तर पंप तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. टाकी पावपेक्षा खाली जाऊ न देणे ही फुकटात होणारी निगा आहे. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर पेटला तर गाडी एक-दोन दिवसांत दाखवून घ्यावी. तो लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, आणि ते न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळते. अशा वेळी गाडी पुढे रेटण्यात शहाणपण नाही.

आता मुख्य मुद्दा. मध्यमवर्गीय घरातल्या छोट्या गाडीचा दिनक्रम पाहिला तर ती सोमवार ते शुक्रवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, किंवा मुलांना क्लासला सोडणे, मंडई आणि स्टेशन अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करते. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच होतात आणि मालकाला वाटते, गाडी फारशी वापरलीच नाही. प्रत्यक्षात हा वापर इंजिनासाठी कठीण असतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर ही वाफ बाहेर निघून जाते. दोन किलोमीटरच्या फेरीत ते तापतच नाहीत. मग वाफ सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून गंज चढतो, आणि तिचा काही भाग इंजिनाच्या पोटात ऑइलमध्ये मिसळतो. गार इंजिनाला जादा पेट्रोल लागते. त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर त्याच्या आतल्या बाजूला पांढरट साय दिसली तर ती बहुधा अशाच फेऱ्यांची खूण असते. तशीच साय कूलंटमध्येही दिसली तर मात्र हेड गॅस्केट तपासावे लागते.

म्हणून ऑइल बदलण्याचा नियम दोन भागांत सांगितलेला असतो : सर्वसाधारणपणे दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. छोट्या गाडीच्या बाबतीत जवळजवळ नेहमी वर्षच आधी येते. ‘अजून चारच हजार झालेत’ म्हणून ऑइल दोन-दोन वर्षे तसेच ठेवणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. इंजिनात जेमतेम तीन लिटरच्या आसपास ऑइल असते. त्यातले अर्धा-पाऊण लिटर कमी झाले तरी उरलेल्यावर मोठा ताण येतो. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पुसायची, पुन्हा घालायची आणि पाहायची. हे महिन्यातून एकदा केले तर इंजिन ऑइल पीत आहे का, गळती सुरू झाली आहे का, हे वेळीच कळते. ऑइल कोणत्या ग्रेडचे घालायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. जास्त घट्ट ऑइल म्हणजे जास्त चांगले ऑइल, ही जुन्या इंजिनांच्या काळातली समजूत आजच्या बारीक फटींच्या इंजिनांना अपायकारक आहे.

उभ्या गाडीचा दुसरा बळी बॅटरी. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि संगणक थोडी वीज घेत राहतात. दोन किलोमीटरच्या फेरीत स्टार्टरने खाल्लेली वीजसुद्धा भरून निघत नाही. बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि जी चार-पाच वर्षे टिकली असती ती दोन वर्षांत संपते. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटरची सलग फेरी मारल्याने बॅटरी भरते, ऑइलमधली वाफ उडते, सायलेन्सर कोरडा होतो आणि ब्रेक डिस्कवरचा गंज घासून निघतो. पार्किंगमध्ये दहा मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवण्याने यातले फारसे काही साधत नाही, उलट पेट्रोल जाऊन गार इंजिनाचे दोष वाढतात. देशभर मिळू लागलेल्या वीस टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलमुळे या सवयीचे महत्त्व वाढले आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे ते महिनोन्‌महिने टाकीत पडून राहणे बरे नाही. इथेनॉलमधली ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने अ‍ॅव्हरेजही थोडे घटते. २०२३ पूर्वीच्या गाड्यांत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसिंगला डोळ्यांखालून घालावेत.

टायरचेही असेच. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते आणि त्याला बारीक भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो : २३२१ असे लिहिले असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सहा वर्षांपुढचा टायर कितीही नवा दिसला तरी द्रुतगती मार्गावर त्याच्यावर विसंबू नये. नक्षीच्या खाचांत मधे मधे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. हवा टायर गार असताना मोजायची. किती ठेवायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेले असते, आणि पाच माणसे व सामान असताना मागच्या चाकांसाठी बहुधा वेगळा आकडा दिलेला असतो. नायट्रोजन भरण्याचा आग्रह पुष्कळ ठिकाणी होतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे नियमितपणे मोजलेली साधी हवा पुरेशी आहे. स्टेपनीत हवा आहे का, हे पाहायला मात्र बहुतेक जण विसरतात.

कूलंट आणि ब्रेक ऑइल हे दोन द्रव नजरेआड राहतात. कूलंटच्या जागी बोअरचे पाणी घालत राहिले तर दख्खनच्या जड पाण्यातले क्षार इंजिनाच्या आतल्या वाटांवर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि एप्रिलच्या उन्हात अकोला-चंद्रपूरकडे गाडी तापते. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडणे जीवघेणे ठरू शकते, कारण आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांपुढे जाऊनही उकळलेले नसते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. आंबोली किंवा ताम्हिणी घाट सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्या भरल्या गाडीत एवढी उष्णता सहज तयार होते. मग ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे येतात आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. चढतानाही छोट्या इंजिनाला वरच्या गिअरमध्ये गुदमरवण्यापेक्षा खालचा गिअर टाकून मोकळेपणे फिरू देणे त्याच्या हिताचे असते.

क्लचची झीज मात्र जवळजवळ पूर्णपणे चालवणाऱ्याच्या पायावर अवलंबून असते. सिग्नलला पहिला गिअर टाकून पेडल दाबून ठेवणे, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणे, चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवणे या तीन सवयी सोडल्या तर तीच प्लेट दुप्पट टिकते. २०१४ मध्ये सेलेरिओपासून छोट्या गाड्यांत आलेल्या एएमटी प्रकारात पेडल नसते, पण क्लच आत असतोच. तिथे चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली की प्लेट जळते. हँडब्रेक वापरणे हाच त्यावर उपाय आहे.

महाराष्ट्रात वर्षाच्या निगेचा कणा पावसाळा आहे. मे महिन्यात वायपरचे रबर, टायर, दारांचे रबर आणि समोरच्या काचेखालच्या जाळीतून पाणी वाहून नेणारी भोके तपासली की निम्मे काम होते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ही भोके पाल्याने तुंबतात आणि पाणी थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरते. पार्किंगमधले उंदीर पावसात आसरा शोधत बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. काही दिवस उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून पाहण्याची सवय अशा वेळी उपयोगी पडते. कोकण किनाऱ्यावर खारी हवा वर्षभर पत्रा खाते. तिथे गाडीच्या तळाला अँटी-रस्टचा थर देणे आणि मडगार्डच्या आतला चिखल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढणे हे चकाकणाऱ्या पॉलिशपेक्षा कितीतरी महत्त्वाचे. समुद्राच्या ओल्या वाळूत गाडी घालण्याचा पर्यटकांचा हौशी प्रकार गाडीसाठी घातक आहे. खारे पाणी एकदा बेअरिंग आणि वायरिंगमध्ये शिरले की त्याचे परिणाम वर्षभर निघत राहतात.

साचलेल्या पाण्याबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत पाण्याखाली गेलेल्या गाड्यांची दारे व काचा न उघडल्याने माणसे आत गुदमरून दगावली. पाणी चाकाच्या निम्म्यापेक्षा वर असेल तर छोटी गाडी त्यात घालूच नये. ती हलकी असते, वाहत्या पाण्यात सहज उचलली जाते, आणि तिची हवा ओढणारी नळीही फार उंचावर नसते. पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी. साध्या विमा पॉलिसीत असे इंजिनाचे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकलम वेगळे घ्यावे लागते. पाणी वाढताना दिसले तर वीज जाण्याआधीच काचा खाली कराव्यात. बाजूच्या काचा टणक वस्तूच्या टोकदार घावाने फुटतात. समोरची काच थर दिलेली असल्याने ती फोडण्यात वेळ घालवू नये.

सीएनजीवरच्या छोट्या गाड्या मुंबई-पुण्यात मोठ्या संख्येने आहेत. वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असल्याने टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करणे कायद्याने बंधनकारक आहे. बाहेरून किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर व्हायलाच हवी, नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. सीएनजीवर स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर अधिक वेळा पाहावे लागतात. रोज थोडे अंतर पेट्रोलवर चालवले तर पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टरही कामात राहतात.

खर्चाचा हिशेब मांडला की निगेची जागा नेमकी कळते. उदाहरणादाखल पाच लाखांची गाडी घेतली, ती वर्षाला आठ हजार किलोमीटर चालली, अ‍ॅव्हरेज अठराचे मिळाले आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर इंधनाला वर्षाकाठी साधारण ४४ हजार लागतात. विमा कंपन्यांच्या घसारा तक्त्यानुसार पाच वर्षांत गाडीचे मूल्य निम्मे होते, म्हणजे वर्षाला सरासरी ५० हजार केवळ काळ सरल्याने जातात. याच्या तुलनेत वार्षिक सर्व्हिसिंगचा खर्च सगळ्यांत लहान असतो, आणि घरातला हात आखडला की कात्री प्रथम त्यालाच लागते. हे उफराटे आहे. इंधनाचा खर्च वाढवणारी कमी हवा, तुंबलेला फिल्टर, किंवा विकताना किंमत पाडणारा गंज या सगळ्यांचे नियंत्रण त्या लहान आकड्यातच असते.

वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाणे सोयीचे असते. तिथे जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी ते वाचावे. इंजिन फ्लश, टेफ्लॉन कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन अशी पुस्तिकेत नसलेली कामे त्यात आली असतील तर ती नाकारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. वॉरंटी संपल्यावर ओळखीच्या गॅरेजचा पर्याय उत्तम ठरतो, अट एकच : काढलेला जुना भाग मालकाला दाखवला पाहिजे आणि बिलावर नव्या भागाचा क्रमांक असला पाहिजे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा बाजारांत कंपनीच्या खोक्यातला माल, तोच पुरवठादार स्वतःच्या नावाने विकतो तो माल आणि हुबेहूब नक्कल असे तिन्ही प्रकार मिळतात. बल्ब किंवा फ्लोअर मॅट कोणतेही चालतील. ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बॉल जॉइंट आणि ऑइल फिल्टर यांत नक्कल घेऊ नये.

सुरक्षिततेत छोट्या गाड्या बराच काळ मागे होत्या. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांची धडक चाचणी घेतली, आणि पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ मध्ये, आणि भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले. एअरबॅग सीटबेल्ट लावलेला आहे असे धरूनच काम करते, त्यामुळे बेल्ट न लावता सूचना बंद करण्यासाठी मिळणाऱ्या क्लिपा सरळ धोकादायक आहेत. पुढे लावलेले लोखंडी क्रॅश गार्ड धडकेचा जोर चुकीच्या जागी पोहोचवतात. डिसेंबर २०१७ पासून त्यांच्यावर बंदीही आहे.

कागदपत्रांची बाजू तुलनेने सोपी आहे. थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. नव्या खासगी मोटारीला तो सप्टेंबर २०१८ पासून एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या गाडीला त्याचा वार्षिक हप्ता २,०९४ रुपये आणि १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये ठरला. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना पीयूसी वर्षातून एकदा लागते. आरसीची मुदत पंधरा वर्षे असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो.

जुनी हॅचबॅक घेणाऱ्याने मीटरच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिस नोंदी यांचा मेळ बसतो का ते पाहावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्यावर चिखलाची रेघ किंवा सीटच्या रुळांवर गंज असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. विकणाऱ्यालाही तितकेच जागरूक राहावे लागते. नुसत्या कागदावर सह्या करून किल्ली देऊन चालत नाही. आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणजे नंतरच्या अपघाताची भरपाईही त्याच्याकडेच मागितली जाते. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलले गेल्याची खात्री करावी. कर्ज फिटले असेल तर बँकेच्या ना हरकत पत्रासह फॉर्म ३५ देऊन बोजा काढावा. खरेदीदाराने विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीजवळ जाऊ लागला, किंवा चॅसिसच्या मुख्य भागांपर्यंत गंज पोहोचला, की ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देणे योग्य. तिथे मिळणाऱ्या सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटवर नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या २०२१ च्या नियमात आहे. गाडी देताना फास्टॅग बंद करावा, आरसी रद्द झाल्याची नोंद तपासावी आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्र घ्यावे. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. लागोपाठ पाच वर्षे दावा न केल्यास तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो आणि तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीच्या विम्यात वापरता येतो.